रेषेखालची अकरा घरं

आमच्या नकाशाघरात रेषेला जाडी असते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. त्यांना वाटतं, रेष म्हणजे रेष. पण एका सेंटीमीटरला शंभर मीटर अशा नकाशावर मी दोन मिलिमीटर जाडीची रेष ओढली, की जमिनीवरचा वीस मीटरचा पट्टा शाईखाली जातो. त्यात झाडं असतात, कुंपणं असतात, कुणाच्या दोरीवरची वाळत घातलेली चादर असते. म्हणून आमच्यात नियम आहे: हद्द नेहमी रेषेच्या मध्यावर धरायची. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तशी टीप असते. वाचत कोणी नाही, पण असते.

मी नगरपालिकेत लागले ती नकाशाघरातली टेबलं पुसायला. पुसता पुसता बघायला शिकले आणि बघता बघता काढायला. शिकवलं कुणी नाही. कुणी हाकललंही नाही, एवढं खरं. एकवीस वर्षांत या शहराची अशी एक गल्ली नाही जी माझ्या पेनाखालून गेली नसेल. तरी साहेब नव्या पाहुण्याला माझी ओळख करून देताना अजून म्हणतात, "या आमच्या बाई. पूर्वी इथं झाडलोट करायच्या." कौतुकानेच म्हणतात, तेच वाईट.

कंपनी यायची ठरली तेव्हा आमचं शहर आणि नदीपलीकडचं शहर, दोघांनी तिला एकाच पाहुण्याला दोन घरांनी दोन्ही हातांनी ओढावं तसं ओढलं. त्यांनी पंधरा वर्षं कर माफ म्हटलं, आमच्यांनी वीस. त्यांनी फुकट रस्ता म्हटलं, आमच्यांनी रस्ता, पाणी आणि वर एक वेगळी हद्द. त्या हद्दीच्या आत पालिकेचा कर नाही, तपासनीस नाही, पावतीपुस्तक नाही. आतलं सगळं कंपनीचं, बाहेरचं सगळं शहराचं. करारात अगदी अशाच शब्दांत होतं: रेषेच्या आत आणि रेषेच्या बाहेर.

रेष काढायची होती मी.

मोजणीदार पेन्सिलची खूण करून गेला होता. पूर्वेला जुन्या भट्टीमागचं मोकळं मैदान, आणि मैदान संपतं तिथे एका गल्लीतल्या अकरा घरांच्या मागच्या भिंती. खूण त्या भिंतींना चिकटून जात होती. मी नेहमीच्या बारीक पेनाने काढली. केसासारखी, सुरेख.

साहेबांनी नाक मुरडलं. "बाई, ही काय मुंगी चाललीय का? सभागृहात मागच्या बाकावरून दिसली पाहिजे. अध्यक्षांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्याने ते झोपतात."

"भिंतीवर लावायला वेगळी प्रत काढते जाड रेषेची."

"काढा. आणि कोपऱ्यातली ती बाराखडी उडवा. तिथं कंपनीचं चिन्ह बसवायचंय."

मी जाड पेन घेतलं. टीप काढून तिथे निळं-सोनेरी चिन्ह बसवलं. ते छान बसलं, हेही सांगते. मला माझ्या हाताचं कौतुक वाटलं त्या दिवशी.

आता आमच्या पालिकेची एक जुनी पद्धत आहे. ज्या नकाशासमोर हात वर होतात, त्याच नकाशावर शिक्का बसतो, म्हणजे नंतर कुणी भलताच कागद पुढे करू नये. पद्धत चांगल्यासाठीच पडली होती. सदतीस हात वर झाले, आणि शिक्का भिंतीवरच्या प्रतीवर बसला. बारीक रेषेची प्रत माझ्या खणात राहिली. माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मध्य धरायचा असतो हे आमच्यात सगळ्यांना इतकं माहीत, की ते कुणाला माहीत नसेल हे सुचायलाच हवं होतं कुणाला?

त्या अकरा घरांपैकी सातवं घर माझ्या थोरल्या बहिणीचं.

ताई शिवणकाम करते. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत भावोजी. भावोजी बसगाड्यांच्या दुरुस्तीत होते. धुराने छाती गेली, आता दोन खोल्यांमधलं अंतर म्हणजे त्यांचा प्रवास. त्यांची मुलगी, माझी भाची, घरातली एकुलती कमावती होऊ घातलेली.

दोन महिन्यांनी ताईने मला निरोप धाडून बोलावलं. गेले तर गल्लीत सण असल्यासारखे चेहरे.

"अगं, घरपट्टीच आली नाही आमची!" ताई म्हणाली. "सगळ्या शहराला आली, आमच्या गल्लीला नाही. मी खिडकीवर जाऊन विचारलं, तर तो म्हणतो यादीत तुमचं घरच नाही. मी म्हटलं, नको शोधूस बाबा, बस आरामात."

भावोजी उशीला टेकून हसत होते. "मेहुणीबाई, जपून बोला आता. कंपनीला करमाफी, तशी मला करमाफी. मोठा उद्योगपती झालोय मी."

"उद्योगपती, आधी गोळी घ्या," ताई म्हणाली.

सगळे हसले. मीही हसले. मग मी उठून मागच्या दारात गेले. घराची मागची भिंत ते पुढची पायरी, अंतर किती? माझ्या पावलांनी तेरा. साडेनऊ मीटर, फार तर दहा.

रेषेची अर्धी जाडी.

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात जाऊन शिक्क्याच्या नकाशावर पट्टी ठेवली. गल्ली दिसतच नव्हती. अकरा घरं माझ्या शाईखाली बसली होती, न आत, न बाहेर. करखात्याने नव्या नकाशावरून यादी बनवली होती, आणि शाईवर घर असू शकतं हे त्या बिचाऱ्यांना कुठून कळणार?

मी साहेबांना सांगितलं. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी नकाशा पाहिला, मग दार लावून घेतलं.

"नव्वद दिवसांत कारकुनी चूक दुरुस्त करता येते," मी म्हटलं. "एक अर्ज, एक सही. आज एकसष्टावा दिवस आहे."

"आणि अर्ज गेला की करार उघडतो. करार उघडला की नदीपलीकडचे टपून बसलेत." त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, सध्या भरती चाललीय. नऊशे माणसं घेतायत. या आठवड्यात कुणी हलवाहलव करू नये. जरा स्थिरस्थावर होऊ दे. तुमची भाचीही आहे ना मुलाखतीला?"

होती. गुरुवारी.

मी अर्ज लिहिला नाही. कुणी धमकावलं असतं तर निदान पुढे सांगायला बरं झालं असतं. मला कुणी धमकावलं नाही. मी फक्त गुरुवारची वाट पाहिली. भाचीला नोकरी लागली. ताईने गल्लीभर गोड वाटलं, मलाही दिलं, मी खाल्लं. मग म्हटलं, पहिला पगार होऊ दे. मग साहेब रजेवर गेले. एक्याण्णवावा दिवस कधी उजाडला मला कळलंही नाही, असं मी लोकांना सांगते. खरं तर मी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी होते.

पहिल्यांदा कचऱ्याची गाडी थांबली. ती कोपऱ्यापर्यंत यायची, वळायची नाही. चालक ताईच्या ओळखीचा. म्हणाला, "काकू, माझ्या कागदावर इथं रस्ता संपतो." मग गल्लीतला दिवा गेला आणि कुणी बदलला नाही. मग टपाल पालिकेच्या खिडकीवर पडून राहायला लागलं. प्रत्येक वेळी काहीतरी छोटंच. प्रत्येक वेळी माणूस ओळखीचा, आवाज मऊ, हातात कागद.

गल्लीतले लोक अजून विनोद करत होते, पण आता एकमेकांकडे न बघता.

मग परिचारिका. पालिकेच्या दवाखान्यातून दर पंधरवड्याला ती भावोजींची छाती तपासायला यायची, औषध देऊन जायची. त्या दिवशी मी तिथेच होते. ती कोपऱ्यावरच्या खांबापाशी उभी राहिली, पिशवी छातीशी धरून.

"या ना आत," ताई दारातून ओरडली.

"ताई, मला येता येत नाही हो. हद्दीबाहेर काही झालं तर माझ्यावर येतं. पण त्यांना इकडे आणलंत तर बघते मी. इथं, खांबाच्या अलीकडे."

ताईने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे तेवीस वर्षं ज्या घरात झोपलो ते घर शहरात नाही, आणि हा खांब शहरात आहे?"

"कागदावर तसंच आहे, ताई. मी काय करू?"

मी आणि शेजारचा लोहार, आम्ही भावोजींना खुर्चीसकट उचललं. ते हलके झाले होते. भर दुपारी आम्ही त्यांना शहरात नेऊन ठेवलं. परिचारिकेने छातीवर नळी लावली, ते जोरात श्वास घ्यायचा प्रयत्न करत होते आणि येणारे-जाणारे थबकून बघत होते. तपासून झाल्यावर भावोजी म्हणाले, "सहल बरी झाली. पुढच्या वेळी डबा बांधून घेऊ." ताई हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या बहिणीला नकाशे कळत नाहीत, पण माझं तोंड तिला पाळण्यापासून वाचता येतं.

त्याच आठवड्यात मागच्या मैदानातून पांढऱ्या खुंट्या पुढे सरकायला लागल्या. माणसं नीटनेटकी होती, सॉरी म्हणून ताईच्या न्हाणीच्या भिंतीला खडूने खूण करून गेली. भाचीने जेवणाच्या सुट्टीत मला गाठलं, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच.

"मावशी, एक विचारू? सकाळी मला एक यादी दिली पत्ते टाइप करायला. नोटिसा होत्या. अकरा." तिने ओळखपत्र उलटं केलं. "सातवा पत्ता आपला होता. मी टाइप केला. काय करणार, पर्यवेक्षिका मागे उभी होती."

नोटिशीत लिहिलं होतं की हा पट्टा कुणाच्याच मालकीच्या हद्दीत येत नसल्याने कंपनीला सांडपाण्याच्या पाइपसाठी तो हवा आहे. कुणाची हरकत असेल तर शहराच्या रहिवाशांनी सुनावणीत मांडावी. शहराच्या रहिवाशांनी. म्हणजे या अकरा घरांनी नाहीच.

त्या संध्याकाळी मी ताईला सगळं सांगितलं. जाड पेन, कोपऱ्यातलं चिन्ह, एकसष्टावा दिवस, गुरुवार, कॅलेंडर. ती शिवत होती. तिने मशीन थांबवलं नाही. माझं बोलणं संपलं तरी शिवण सरळ चालली होती.

"आता काय करता येतं?" तिने विचारलं. एवढंच.

"सुनावणीत मला बोलावलंय. रेष काढणारी म्हणून साक्ष द्यायला. मी शहराची रहिवासी आहे. मी सांगेन चूक झाली म्हणून. बारीक रेषेची प्रत आहे माझ्याकडे."

"मग सांग."

सुनावणीच्या सकाळी साहेबांनी मला जिन्यात थांबवलं. रात्रभर न झोपल्यासारखे दिसत होते. "बाई, माझं ऐका. रेष बरोबर आहे म्हणा आणि खाली बसा. मी बोललोय त्यांच्याशी. पाइप मागच्या बाजूने जाईल, न्हाण्या जातील, घरं राहतील. ना धड इकडची ना तिकडची, पण राहतील. चूक म्हणालात तर काय होईल ते मला माहीत नाही."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. मला वाटत होतं, मला माहीत आहे.

सभागृहात भिंतीवर तोच नकाशा होता. मागच्या बाकावरून खरंच छान दिसत होता. तिथेच ताई बसली होती, शेजारी लोहार, बाकी गल्ली भिंतीला लागून. भाचीला सुट्टी मिळाली नव्हती.

कंपनीच्या वकीलबाई माझ्याच वयाच्या. आवाज असा की शेजारी बसून दुखणं सांगावंसं वाटावं.

"ही रेष आपण काढलीत?"

"हो."

"बरोबर काढलीत?"

"जागा बरोबर आहे. जाडी चुकली. भिंतीवर दिसावी म्हणून जाड काढली होती. हद्द रेषेच्या मध्यावर धरायची असते. मध्य धरला तर अकराही घरं शहरात येतात."

"मध्य धरायचा, हे कुठे लिहिलंय?"

"नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं."

"या नकाशाच्या?"

"या नकाशाच्या कोपऱ्यात तुमचं चिन्ह आहे."

मागचे बाक हसले. एका नगरसेवकाने टेबलावर थाप मारली. मी खणातली प्रत उलगडून दाखवली, केसासारखी रेष असलेली. मला वाटलं, झालं. ताई बाकावरून अर्धी उठली होती.

वकीलबाईही हसल्या. त्यांनी माझ्या हातातली प्रत घेतली, आदराने पाहिली आणि परत दिली. "काम सुंदर आहे तुमचं. यावर शिक्का नाही, नाही का?"

"नाही."

"धन्यवाद. बसा तुम्ही." मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. "म्हणजे शिक्का असलेली रेष चुकीची आहे, आणि बरोबर असलेल्या रेषेला शिक्का नाही. हद्द कुठे आहे हे आज ठरलेलंच नाही, हे पालिकेच्याच साक्षीदाराने मान्य केलं. आम्हाला यात कुणाला दोष द्यायचा नाही. आमची एवढीच विनंती आहे की ती आत्ता ठरवावी. बारीक रेषेने. बाईंचं म्हणणं अगदी रास्त आहे."

त्यांच्या सहायकाने गुंडाळलेला कागद उघडून माझ्या नकाशावर टाचला. आधीच तयार होता. रेष खरोखर बारीक होती. ती मागच्या भिंतींना चिकटून जात नव्हती; ती गल्लीच्या पुढच्या रस्त्यामधून जात होती, ताईच्या पायरीपुढून. अकरा घरं आत.

"कोपऱ्यात टीपही आहे," वकीलबाई म्हणाल्या. "मध्य धरावा."

कुणीतरी विचारलं, तिथे राहणाऱ्यांचं काय. त्या म्हणाल्या, कंपनी त्यांना दुसरीकडे भाड्याने खोल्या देऊ करते आहे, सहा आठवड्यांची मुदत आहे. आणि अर्थातच सभागृह नाही म्हणू शकतं. मग नदीपलीकडच्या रस्त्याबद्दल त्या एक वाक्य बोलल्या, आवाज न चढवता. नऊशे नोकऱ्यांबद्दल बोलायची गरजच पडली नाही. त्या नऊशेंतल्या कितीतरी जणांच्या आया आणि बाप समोरच्या बाकांवर बसले होते.

हात वर व्हायला लागले. एकदम नाही. आधी दोन, मग शेजाऱ्याचा पाहून शेजाऱ्याचा. टेबलावर थाप मारणाऱ्यानेही वर केला, मात्र मान खाली घालून. मी मोजले नाहीत. सगळी गल्ली भिंतीला लागून उभी होती आणि हात वर करण्याचा अधिकार तिच्यातल्या कुणालाच नव्हता.

बाहेर आल्यावर ताई माझ्या शेजारून चालत राहिली. तिच्या घराचा कोपरा आला, विझलेला दिवा आला, तेव्हा थांबली.

"साहेब म्हणाले तसं बोलले असते तर—" मी सुरू केलं.

"नाही. खरं बोललीस ते बरंच केलंस," ताई म्हणाली. रागावलेली नव्हती, दमलेली होती. "जरा आधी बोलली असतीस, बस."

मग ती भावोजींना सांगायला आत गेली. त्यांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. यावर ते काही विनोद करतील म्हणून मी खिडकीबाहेर बराच वेळ उभी होते.

सहा आठवडे कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. मशीन माझ्या पुढच्या खोलीत आलं, भावोजींचा पलंग मागच्या. जागा कमी आहे. ताई माझ्याशी बोलते. सुई दे, कात्री दे, दार लाव. भाची कंपनीतच आहे, तिचं काम चांगलं आहे म्हणतात, पगार वेळेवर होतो. शहरातली दुकानं रंगवून झाली आहेत. नकाशाघरात मात्र आता तिघांच्या जागी मी एकटी, कारण पालिकेकडे यंदा पैसे कमी आले. आणि जेवणाच्या सुट्टीत माणसं येतात. वेगवेगळ्या गल्ल्यांमधली. दारातच घुटमळतात, मग हळूच विचारतात, बाई, जरा बघता का, आमचं घर कुठं आहे यात?

मी दाखवते. ते बोट ठेवतात, निघून जातात. काही जण पुन्हा येतात.

सोमवारी साहेबांनी माझ्या टेबलावर नवा कागद ठेवला. शहराची पश्चिम बाजू. दुसरी कंपनी. हिला पंचवीस वर्षं हवी आहेत, पहिलीला जे दिलं ते सगळं, आणि थोडं वर. पेन्सिलची खूण आधीच मारलेली होती, आणि या वेळी ती मोजणीदाराच्या हातची नव्हती.

"गुरुवारपर्यंत शाई करा," साहेब म्हणाले. "बारीक पेनाने, हं. मागच्या वेळसारखं नको. टीपही घाला कोपऱ्यात."

मी खुणेवर पट्टी ठेवली आणि ती जाते तिथे तिथे बोट नेत गेले. शाळेचं मैदान. दोन गोदामं. मग एक वळण, जे जमिनीवर नव्हतं. वळणाच्या आतली चार घरं, त्यातलं शेवटचं एकमजली, मागे दोन झाडं. त्या घराचा जिना मी सोळा वर्षांपूर्वी स्वतः कागदावर काढला होता, बांधकाम मंजुरीसाठी.

पेनाचं टोपण मी उघडलं नाही.

"साहेब," मी म्हटलं. "तुमचं घर कुठं येतं हो?"

ते दाराशी पोचले होते. वळून हसले. "माझं? कुठं म्हणजे? माझं आपलं तिकडे... पश्चिमेला."

"इकडे येऊन दाखवता जरा?"

साहेब टेबलाला वळसा घालून आले. खिसे चाचपून त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग दोन्ही हात टेबलावर टेकून कागदावर वाकले आणि शोधायला लागले.